मी हाय की घरात

आमच्या घराला कुलूप नव्हतं. कडी होती, कोयंडा होता, आतून लावायचा लाकडी अडसर होता, पण कुलूप या घरात पहिल्यांदा आलं ते २०२२ च्या सप्टेंबरात. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. दसऱ्याच्या सुट्टीत म्हैसूरला जायचं ठरलं, रेल्वेची तिकिटं काढून झाली, आणि एका संध्याकाळी हे खडेबाजारातून चांगलं जाडजूड पितळी कुलूप घेऊन आले. टेबलावर ठेवलं. गुंड्यानं येऊन ते हुंगलं आणि परत आपला उंबऱ्यात जाऊन बसला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की पाच दिवस या घरात कुणीच नसणार. मग याचं काय?

गुंड्या गावठी. खारकेच्या रंगाचा, छातीवर पांढरा ठिपका, डावा कान कायम पडलेला. २०१६ च्या पावसात, झड लागलेली असताना, सासूबाईंनी त्याला गटारीच्या कडेवरून पदरात गुंडाळून आणलं. तळहाताएवढा होता. चुलीशेजारी पोत्यावर ठेवला, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, आणि तो जगला. त्यानंतर घरात माणसं पाच असली तरी कुत्रा एकाच माणसाचा होता.

आम्ही वडगावात राहतो. बेळगावच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. वडगाव-शहापूर हा मागवाल्यांचा भाग. आमच्या घराच्या डाव्या हाताला माग, उजव्या हाताला माग. सकाळी सातला ते सुरू होतात ते रात्री उशिरापर्यंत. खटक-खटक, खटक-खटक. पाहुणे आले की पहिल्या रात्री डोळे लाल करून उठतात. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, तो थांबला की मात्र ऐकू येतं. लाईट गेली, माग बंद पडले, की गाढ झोपलेला गुंड्या ताडकन मान वर करतो. इकडं बघतो, तिकडं बघतो. लाईट आली, मागातला धोटा पुन्हा पळायला लागला, की एक मोठा सुस्कारा टाकून मान खाली. त्याचं जग त्या आवाजाच्या आतलं आहे. हे मला माहीत होतं, पण त्याचं महत्त्व कळायला वेळ लागला.

आणि कुलूप नव्हतं त्याचं कारण म्हणजे सासूबाई. कुठंही जायची गोष्ट निघाली की त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं. "तुम्ही जावा. मी हाय की घरात."

माझं लग्न होऊन मी आले तेव्हा घरामागच्या परड्यात म्हैस होती. म्हशीला दोन वेळा धार, दोन वेळा वैरण-पाणी, शेण काढणं. म्हैस आपल्याला सुट्टी देत नाही. तेव्हा आम्ही नवरा-बायको गणपतीपुळ्याला गेलो, सासूबाई घरात. नंतर मुलांना घेऊन तिरुपतीला गेलो, त्या घरात. नणंदेच्या सासरी बारशाला सगळं घर गेलं, त्या घरात. २०११ मध्ये म्हैस विकली, परडं रिकामं झालं, मला वाटलं आता येतील. तर म्हणाल्या, "घर उघडं टाकून कुठं जायाचं?" आणि मग गुंड्या आला, त्यामुळं त्यांना पुन्हा सांगायला कारण मिळालं. बेळगावहून गोव्याचा समुद्र सव्वाशे किलोमीटर. चोर्ला घाटानं गेलं तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला समुद्रावर पोचता येतं. आयुष्यभरात त्यांनी तो दोनदा पाहिला.

आम्ही त्याला त्यांची आवड समजत होतो. आईंना प्रवास सोसत नाही, आईंना घरच बरं वाटतं. कुलूप टेबलावर आलं त्या रात्री मी पहिल्यांदा त्या कामाचा हिशेब करायला बसले. सकाळी उठून गुंड्याला बाहेर नेणं, भाकरी दुधात कुस्करून देणं, दुपारी पाणी बदलणं, अंगावरची गोचीड बघणं, फटाके वाजले की जवळ घेऊन बसणं, रात्री शेवटचं एकदा बाहेर. हे कुणाकडून करून घ्यायचं म्हटलं तर किती माणसं, किती पैसे, किती आर्जवं! हे सगळं त्या "मी हाय की" या तीन शब्दांत उरकत होत्या.

*

सीमेवरच्या घरांची एक अडचण बाहेरून दिसत नाही. आमची मुलं कर्नाटकच्या शाळेत, तेव्हा मोठी सुट्टी दसऱ्याला. पाहुणे-रावळे सगळे कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडचे. त्यांची सुट्टी दिवाळीला. आम्ही मोकळे असतो तेव्हा बहिणीच्या मुलांची सहामाही परीक्षा जवळ आलेली, आणि ती मोकळी असते तेव्हा आमच्या शाळा सुरू. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आणून सोड. पण मी सकाळी आठला बाहेर पडते ते सहाला घरी. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा कोंडून ठेवू काय त्याला?" खरं बोलली, वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं.

माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. भाऊ म्हणाला, "आण की, अंगण मोठं आहे." मग स्वतःच थांबला आणि म्हणाला, "पण रात्री आत घ्यावं लागंल हां. बिबट्या ओसरीपर्यंत येतोय." खानापूरच्या जंगलपट्टीत ही नवी गोष्ट नाही. बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतंच सापडतं. बांधलेलं नसेल तर निदान पळायची तरी संधी असते. त्या वर्षी तर ऑगस्टमध्ये बिबट्या थेट बेळगाव शहरात आला होता. जाधवनगरात दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद, शोधायला शिमोग्याकडच्या सक्रेबैलहून हत्ती आणलेले. मला भावाच्या अंगणातली साखळी डोळ्यांसमोर आली आणि मी विषय सोडला.

सोबत न्यावं म्हटलं, तर हे स्टेशनवर जाऊन विचारून आले. रेल्वेत कुत्रा आपल्याजवळ ठेवायचा तर फर्स्ट क्लास एसीचं तिकीट, आणि तेही दोन किंवा चार बर्थचं अख्खं कूपे आपल्या नावावर. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत घालायचं, डॉक्टरांचा दाखला जोडून. पेटीत रात्रभर, गाडीच्या धडधडीत, अंधारात. लाईट गेल्यावर मान वर करणारा माझा गुंड्या. नको.

शेवटी उरलं ते पैसे देऊन ठेवायचं ठिकाण. ऐकीव माहितीवर एक सापडलं, गावाबाहेर, हायवेच्या पलीकडं. रोजचे पाचशे रुपये. माणसं बोलायला चांगली. इंजेक्शनचं कार्ड बघितलं, रेबीजची लस वर्षाच्या आतली आहे ना, बाकीच्या लशी झाल्यात ना, विचारून घेतलं. एवढ्यावर माझा विश्वास बसला. आता मागं वळून बघताना वाटतं, मी तिथं एक फेरी आतून मारून, दुपारच्या वेळी न सांगता जाऊन, जमिनीवर ओल किती आहे, कुत्री कशी बसलीत, पाण्याची भांडी कुठं आहेत, एवढं बघायला हवं होतं. मी फक्त ऑफिसात बसून फॉर्म भरला. पिंजरे ओळीनं होते. पुढच्या खोलीत पंख्याखाली दोन लॅब्रॅडोर, पलीकडं दोन मुधोळ. मुधोळ कुत्र्यांचं आमच्याकडं कौतुक असणारच, शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली जात, घोरपडे संस्थानिकांनी जपलेली, २००५ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलेलं. आणि अगदी शेवटी, पत्र्याच्या बाजूला, गुंड्याची जागा. पैसे सगळ्यांचे सारखेच होते.

कुत्र्याबरोबर घरातला वास द्यावा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला आपसूक सुचलं. सासूबाईंची लुगडी आम्ही वाटून टाकली होती, पण एक जुनं हिरवं, त्यांनी शेवटच्या आजारात पांघरलेलं, न धुता मी पेटीत ठेवलं होतं. का ठेवलं होतं ते विचारू नका. ठेवलं होतं. तेच गुंड्याच्या पिशवीत घातलं. त्यानं नाक खुपसलं आणि शेपूट हलली. मी पाठ फिरवली तेव्हा तो त्याच्यावर बसलेला होता.

म्हैसूरच्या पाच दिवसांत रोज संध्याकाळी फोन केला. "खातोय, खातोय, एकदम मजेत." दसऱ्याची रोषणाई बघितली, मुलं खूश होती, मीही होते. परत येताना बेळगाव स्टेशनवर उतरल्या उतरल्या रिक्षा करून थेट तिकडं गेले. गुंड्या आला. धावत आला नाही, चालत आला. घसा बसलेला होता, भुंकायला गेला तर नुसती हवा. बरगड्या मोजता येत होत्या. आणि पिशवीत ते लुगडं, घडी घालून, इस्त्री केल्यासारखं. साबणाचा सुवास येत होता. "घाण झालं होतं ताई, म्हणून मशीनला लावून दिलं," ती मुलगी प्रेमानं म्हणाली.

मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार? तिनं तर जादा काम केलं होतं. मी चारच ओळी कागदावर लिहून दिल्या असत्या तर तिनं ते धुतलं नसतं. सांगायची गोष्ट मी सांगितलीच नाही, कारण ती सांगावी लागते हेच मला माहीत नव्हतं. सासूबाईंना कधी काही सांगावं लागलं नव्हतं.

घरी आल्यावर तो आधी पाणी प्यायला, मग उंबऱ्यावर आडवा झाला. बाजूचा माग सुरू होता. सुस्कारा टाकला आणि सहा तास हलला नाही.

मला वाटलं, निभावलं. पण बाराव्या दिवशी खाणं सुटलं. डोळे मलूल, नाक कोरडं, पायरी चढताना थांबायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, तर साडेचारच्या पुढं, म्हणजे एकशे साडेचार. कुत्र्याचं अंग तसंही आपल्यापेक्षा गरम, एकशे एक ते अडीचपर्यंत असतंच, पण हा ताप होता. त्यांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. फिक्या, जवळजवळ पांढऱ्या. मग कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत शोधलं आणि चिमट्यानं एक-एक गोचीड काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकली. मटकीच्या दाण्याएवढ्या, फुगलेल्या. रक्त तपासलं. प्लेटलेट लाखांत असायला हव्यात, त्या अडतीस हजार.

गोचीडताप चावल्याबरोबर दिसत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. तोवर आपण विसरलेले असतो. गोचीड तिथलंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आमच्या गल्लीतही आहेत. जाण्याआधी मानेवर टाकायचं औषध मी टाकलं नव्हतं, ती चूक माझी. आणि येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं अंग तपासून आत घेणं हे त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं नव्हतं. दोन्ही खरं आहे. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस चालल्या, भाकरीच्या गोळ्यात लपवून. पंधराव्या दिवशी त्यानं स्वतःहून ताटली चाटली, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून रडले.

*

या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून मी बरंच ऐकलं, बरंच पाहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रस्त्यावर येणारी पट्ट्याची कुत्री, ही त्यातली एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये खानापूर रस्त्याला, धाब्यांच्या आसपास नीट बघा. मानेभोवतीचे केस पट्ट्यानं झिजलेले, पण पट्टा काढून घेतलेला. अशी कुत्री येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघतात, गाडी हळू झाली की उभी राहतात. कुणीतरी सुट्टीला जाताना उतरवलेली असतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी-तापाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका प्लेट भज्याला तेवढे पडतात. मला या आकड्याचा संताप येतो. पण त्याहून संताप येतो तो पट्टा काढून घेणाऱ्या हाताचा. पट्टा कामाचा वाटला, कुत्रा नाही.

आणि याच्या अगदी उलट माणसंही याच रस्त्यानं जातात. पाऊस ओसरला की चिकोडी-अथणीकडचे धनगर मेंढरं घेऊन निघतात. तुम्ही पाहिले असतील. पुढं मेंढरांचा लोंढा, मधे घोडं, घोड्यावर भांडी, घोंगडी, एखादं तान्हं मूल, नुकतं जन्मलेलं कोकरू, पाटीत कोंबड्या. आणि कळपाच्या मागं-पुढं कुत्री, कुणाच्या गळ्यात बिबट्या-लांडग्यासाठी खिळ्यांचा पट्टा. एका शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, दुसऱ्या दिवशी पुढं. महिनोन्‌महिने बाहेर. पण "आम्ही गेल्यावर कुत्र्याचं काय" हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. घरच चालायला लागतं, तेव्हा मागं कुणी राहतच नाही. गुंड्या बरा होत होता त्या दिवसांत येळ्ळूरच्या रस्त्याला असा एक कळप आम्हाला आडवा आला. मी गाडी थांबवून पंधरा मिनिटं बघत राहिले. शेवटचं म्हातारं कुत्रं लंगडत होतं, आणि एक बाई त्याच्यासाठी पावलं आवरत, त्याच्या चालीनं चालत होती.

*

पुढच्या वर्षी रामेश्वर-कन्याकुमारी ठरली. आठ दिवस. यावेळी मी कुठलीही जागा शोधली नाही, माणूस शोधलं, आणि ते भिंतीपलीकडंच होतं.

उजव्या हाताच्या मागवाल्यांच्या घरातली अक्का. साठीच्या पुढची, कानडी, मराठी आपल्या पद्धतीनं बोलणारी. सासूबाई आणि ती, दोघींची तीस वर्षांची ओळख. दुपारी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता अर्धं कानडी, अर्धं मराठी असं बोलणं चालायचं. मला मात्र विचारायला जीव खाली-वर. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर मागणं वेगळं, आणि आठ दिवस जीव सांभाळ म्हणणं वेगळं. दोन दिवस शब्द जुळवले. तिसऱ्या दिवशी गेले तर ती म्हणाली, "गुंड्याचं विचाराला आलासा न्हवं? मी हाय की."

तेच शब्द होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

पण शिकलेली होते, म्हणून नुसत्या "मी हाय की"वर सोडलं नाही. जायच्या दहा दिवस आधीपासून गुंड्या रोज तासभर अक्काकडं. पहिल्या दिवशी मी सोबत, मग मी दारात, मग मी घरात. जेवणाची वेळ तीच, ताटली तीच, पोतं तेच. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभर थोडं-थोडं मिसळत बदलावं, नाहीतर पोट बिघडतं, म्हणून खाणंही तेच. मानेवरचं गोचिडीचं औषध दिलं. रेबीजचं इंजेक्शन महिन्यावर आलं होतं, तेही आधीच उरकलं, कारण अक्काची नात पाच वर्षांची, आणि आपलं जनावर दुसऱ्याच्या घरात ठेवताना त्यांच्या पोराबाळांची जबाबदारी आपली असते.

मग यादी. अक्काला मराठी वाचता येत नाही, मला कानडी लिहिता येत नाही. माझा मोठा मुलगा शाळेत कानडी शिकतो, त्याला बसवलं. मी सांगत होते, तो लिहीत होता, मधेच पेन थांबवून "हुंगणं म्हणजे काय लिहू गं आई?" विचारत होता. कांदा देऊ नका, भजी तर अजिबात नाही, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं नकोत, मूत्रपिंडाला बाधतात. चॉकलेट नको. चुकून कुणाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना. डॉक्टरांचा नंबर. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत, त्याच्या पोत्यावरचं फडकं धुवायचं नाही. अक्कानं कागद चष्म्याशी धरून वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे लिव्हायची गरज न्हवती. वास गेला की जनावर हरवतंय."

तोवर घरात मनीही आली होती. तिचं वेगळं. कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला. तिला उचलून दुसरीकडं नेणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढणं. म्हणून मनी घरातच, किल्ली अक्काच्या सुनेकडं. सकाळ-संध्याकाळ येऊन दूधभात, मासळी, वाळूचा ट्रे. एवढंच बजावलं, की ताटली भरलेली दिसली तर "रुसली असेल" म्हणून सोडू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. बाकी तिचं तिनं पाहिलं. आम्ही परत आलो तेव्हा तिनं आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, पण रात्री माझ्या पायाशी येऊन झोपली.

गुंड्याचं काय सांगू! कन्याकुमारीहून फोन केला की अक्का "खातोय" म्हणून थांबायची नाही. आज लाईट गेली तेव्हा उठून तुमच्या दाराशी जाऊन बसला, मी बोलावलं तर आला. आज अर्धीच भाकरी खाल्ली, ऊन फार होतं. आज नातीच्या शेजारी झोपला. मागं मागाचा आवाज चालू असायचा. समुद्राच्या वाऱ्यात कानावर हात धरून मी तो ऐकत उभी राहायचे. परत आलो तर कुत्रा अंगावर असा पडला की माझा चष्मा उडाला. आणि नवीन गोष्ट म्हणजे त्याला कानडी कळायला लागलं होतं. "बारो" म्हटलं की येतो, "सुम्म कुंद्र" म्हटलं की गप्प बसतो. आजही आमच्या घरात त्याला बसायला कानडीतच सांगावं लागतं.

पैशाचं पाकीट पुढं केलं तर अक्कानं हात मागं घेतला. रामेश्वरचा अंगारा आणि तिथली शंखाची माळ तेवढी घेतली. मला फार अवघडल्यासारखं झालं. विकत घेतलेल्या कामाची फेड करता येते, असल्या कामाची कशी करायची? हा प्रश्न मी बरेच दिवस बाळगला. उत्तर अक्कानंच आणून दिलं.

माघ पुनवेला, त्यांच्या भाषेत भारत हुण्णिमेला, सौंदत्तीच्या यल्लम्माला तिच्या घरचे सगळे निघाले. सून, मुलगा, नात, आणि यंदा अक्काही. तिच्या परड्यात शेळी आहे, चंद्री, आणि तिची दोन करडं. संध्याकाळी अक्का आमच्या दारात उभी. विचारायला तिलाही जड जात होतं, मला दिसलं. मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

तीन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी पाल्याचा भारा चंद्रीपुढं टाकला तर तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. शेळी जमिनीवर पडलेलं, तुडवलेलं खात नाही. पाला जुडी बांधून तोंडाच्या उंचीवर टांगावा लागतो, हे मला पलीकडच्या मागवाल्यानं सांगितलं. टांगला, खाल्ला. पण संध्याकाळी धारेला बसले तर पान्हा सोडेना. कासेला हात लावला की मागचा पाय झाडायची, अंग चोरायची. करडांना आधी लावून पाहिलं, त्यांना चार घोट दिले आणि मला पाहून परत आवरलं. तांब्या कोरडा.

यल्लम्माच्या डोंगरावर जत्रेच्या गर्दीत फोन लागेना. नवव्या वेळी लागला. मागं "उधो उधो"चा गजर, आणि त्यातून अक्काचा आवाज तुटक-तुटक. मी ओरडून सांगितलं, पान्हा सोडत नाही. ती पलीकडून ओरडली, "दांडीवर माझं जुनं इरकल हाय बघा. अंगावर घ्या. मग बसा."

दांडीवरून ते उतरवलं. विटक्या जांभळ्या रंगाचं, पदराला दोन ठिकाणी शिवलेलं. मागाच्या तेलाचा, तपकिरीचा, शेणाचा आणि अक्काचा वास त्याला होता. खांद्यावरून घेऊन डोक्यावर पदर ओढला आणि खाली बसले. चंद्रीनं मान वळवली. पदरात नाक खुपसलं, लांब श्वास घेतला. शेजारचा माग चालू होता. गुंड्या परड्याच्या दारात बसून बघत होता. मी तिच्या कासेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. थोड्या वेळानं कास सैल पडली, आणि तांब्याच्या बुडात पहिली धार वाजली.

तिसऱ्या दिवशी सगळं आवरून, परडं झाडून, मी ते इरकल न धुता होतं तसं दांडीवर टाकलं.